शिक्का नसलेला काटा

रंगनाथराव काकडे वजन करताना दाराची चौकट धरीत. एका हाताने नव्हे, दोन्ही हातांनी. घरातला वजनकाटा न्हाणीच्या दारापाशी असे आणि तो तेथेच असावा हा आग्रह त्यांचाच होता. ते काट्यावर चढत, चौकट पकडत, अंग हळूहळू वर उचलून धरत आणि मग म्हणत, "वाचा." वाचण्याचे काम त्यांच्या पत्नीकडे, गयावहिनींकडे होते, कारण रंगनाथरावांना स्वतःच्या पोटापलीकडचा आकडा दिसत नसे. वहिनी आकड्याकडे न पाहता त्यांच्या हातांकडे पाहत. मग वाद होई. आमची भिंत सामाईक होती, म्हणून तो मला ऐकू येई.

हा गृहस्थ नोकरीची सारी वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक होता.

जुन्या जालन्यात, मस्तगडला, आम्ही शेजारी होतो. मी शाळेत गणित शिकवीत असे, पुढे मुख्याध्यापक झालो. ते मला मास्तर म्हणत. बाकी सगळे जण त्यांना अण्णा म्हणत; मी रंगनाथराव म्हणत असे. आमच्यात मैत्री होती असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी ओट्यावर ते बोलत आणि मी ऐकत असे. मला गोड आवडत नाही. हा माझा गुण नव्हे, जिभेचा दोष आहे. पण त्यामुळे त्यांच्या घरात माझ्याविषयी नसता आदर निर्माण झाला होता, आणि पुढे त्या आदराचे ओझे मला वाहावे लागले.

नोकरीत ते कडक होते. ते मोंढ्याच्या बाजारात शिरले की दुकानादुकानांतून पारडी आपोआप सरळ होत. पारडे उलटे करून त्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच किंवा मेण ते न पाहता, नुसत्या बोटाने शोधीत. सफारीच्या खिशात पितळेचे एक अर्ध्या किलोचे वजन सदैव असे, खात्याचा शिक्का असलेले. शंका आली की ते वजन काढून पारड्यात ठेवायचे. पुढे काही बोलावे लागत नसे. मिठाईच्या दुकानात तपासणीला गेले तर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. हलवायाने पेढ्याचा तुकडा पुढे केला तर त्याच्या हाताकडे असे पाहत की तुकडा परत परातीत जाई. हे सर्व मला त्यांनी नाही, हलवायांनीच सांगितले.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरातून निघाले आणि त्याच हलवायांच्या दारांतून क्रमाने फिरून दुपारी परत आले. वहिनींनी विचारले तेव्हा म्हणाले, "सगळ्यांची तपासणी राहिल्ती."

पुढे मधुमेह निघाला. तो आधीपासूनच होता असे डॉक्टरांचे मत पडले. रंगनाथरावांचे मत निराळे होते: तो निवृत्तीनंतर आला, कारण ज्याला काम नाही त्याच्याकडे कोणीही येऊन बसतो.

त्यांच्या खाण्याला एक कायदा होता. तो त्यांनी स्वतः केला होता, आणि त्याचे अर्थही तेच लावीत. उभ्याने खाल्लेले खाण्यात धरायचे नाही. लाडू फुटला तर तो लाडू राहत नाही, चुरा होतो. आणि चुऱ्याला नग म्हणता येत नाही. देवापुढचा प्रसाद हिशेबाबाहेर. दुसऱ्याच्या ताटातले उचलले तर ते दुसऱ्याच्या नावावर. सर्वांत महत्त्वाचे कलम असे की चव बघणे आणि खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्फी तोंडात असतानाच ते मला हा फरक समजावून सांगत.

"मास्तर, खाणं म्हंजे पोटासाठी. मी पोटासाठी खाऊन राह्यलो का? जिभेला नुसतं दाखवून राह्यलो."

रक्तातली साखर मोजण्याचे यंत्र मुलीने आणून दिले, तेव्हा त्यांनी ते उलटे करून पाहिले. चष्मा काढून पाहिले, चष्मा लावून पाहिले. "शिक्का कुठंय याच्यावर?" ज्या मापावर खात्याचा शिक्का नाही ते माप बेकायदा, आणि बेकायदा मापाचा आकडा मानायला ते बांधील नव्हते. न्हाणीच्या दारापाशी असलेल्या काट्याविषयीही त्यांचे म्हणणे हेच होते. मात्र एखाद्या सकाळी आकडा कमी आला की तो शिक्क्यावाचून मान्य होई आणि सायंकाळपर्यंत गल्लीत सर्वांना सांगितला जाई. ही विसंगती मी त्यांच्या ध्यानात आणून दिली. ते म्हणाले, "संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. तुम्ही गणिताचे, तुम्हाला कायदा कळायचा न्हाई."

हाताला धीर नसणे हा त्यांचा मूळ स्वभाव होता. ते कोथिंबीर आणायला जात आणि मिक्सर घेऊन येत. कारल्याचा रस काढण्यासाठी म्हणून आणलेल्या त्या मिक्सरमध्ये कारले एकदाच गेले. पुढे त्यात आंब्याचा रस निघू लागला. घरातल्या घरात चालवायची सायकल आणली. तिच्यावर पापड आणि धुतलेली धोतरे चांगली वाळत. जांभळाच्या बियांची पूड, मेथीची पूड, कसल्याशा पाल्याची पूड अशा बरण्या फडताळात एका ओळीत उभ्या होत्या. प्रत्येक बरणी आणताना त्यांचा उत्साह खरा असे, आणि तो बरणीचे झाकण उघडेपर्यंत टिके.

दुसऱ्या बाजूने काही गोष्टी ते केल्यावाचून राहू शकत नसत. भाजीबाजारात गेले की प्रत्येक तराजूला हात लावायचे. ज्या बाईकडून ते नित्य भाजी घेत, तिचे पारडेही नित्य उलटे करून पाहत. ती एकदा म्हणाली, "अण्णा, काल बघितलं, परवा बघितलं. रातीतून काय उगवतंय का त्याच्याखाली?" ते ओशाळले. पण बोलता बोलता त्यांचा हात पारड्याखाली गेलाच. परत येताना मला म्हणाले, "हात थांबत न्हाई, मास्तर. मी सांगायच्या आधी जातो."

हे त्यांनी पारड्याविषयी सांगितले. मी ते पेढ्याविषयी ऐकले.

एके दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही कडक आहात. ह्यांच्यासंगं सकाळी फिरायला जात जा." मी कडक आहे, हे खरे. मी गेलो. मोती तलावापर्यंत जायचे आणि परतायचे असे ठरले. वाटेवर एक हॉटेल होते आणि सकाळी त्याच्या दाराशी जिलेबीची कढई असे. पहिल्या दिवशी रंगनाथरावांना नेमकी तेथे बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. दुसऱ्या दिवसापासून मी हॉटेलच्या बाजूने चालू लागलो. मग एका कुत्र्यावर त्यांची दया जडली. ते हॉटेलपाशीच बसलेले असे. "मुकं जनावर आहे," असे म्हणत ते जिलेबी घेत आणि कुत्र्याकडे पाठ न करता, पण माझ्याकडे मात्र पाठ करून, ते दान करीत. काही महिने हे दान चालले. ते कुत्रे शेवटपर्यंत हडकलेले राहिले.

वहिनींनी डब्यांना कुलूप लावून पाहिले. डबे बदलून पाहिले. साखरेच्या डब्यात मीठ आणि मिठाच्या डब्यात साखर. त्यामुळे आठवडाभर आमटी गोड होत होती, एवढेच. शेवटी त्यांनी कडूलिंबाचा पाला वाटून दुपारी ते झोपले असता त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना लावला. अंगठा चोखणाऱ्या लेकरांना लावतात तसा. जाग आल्यावर रंगनाथराव स्वयंपाकघरात गेले, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "आधी कडू लागलं, मंग गोड. पाडव्यासारखं."

त्यांचे मूळ गाव टेंभुर्णी, जाफराबाद तालुक्यातले. शेती भावांकडे होती. पण गावात आणि भावकीत एक मान रंगनाथरावांचा होता, आणि तो कोणी त्यांच्याकडून घेऊ शकत नव्हते. लग्नाच्या आदल्या दिवशी बुंदीसाठी भट्टी पेटते. त्या वेळी भावकीतला एक जाणता माणूस आचाऱ्यापाशी बसतो. त्याला भट्टीवर बसणे म्हणतात. पाक झाला की नाही हे तो सांगतो. तो म्हणेल तेव्हा कढई उतरते, त्याच्या आधी नाही. रंगनाथराव पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांत धरीत, बोटे हलकेच फाकवीत आणि मधली तार उजेडात धरून पाहत. तार तुटली तर थांबायचे. टिकली तर, "उतरवा." त्यांचा पाक कधी फसला असे मी ऐकले नाही. जुन्या जालन्यातही आमच्या गल्लीतली लग्ने त्यांना बोलावू लागली होती.

तार पाहून झाली की ते बोट चाटीत. येथेच सारे होते. बोट धुवायचे नाही. ते अन्न आहे, पाण्यात टाकू नये, असे ते म्हणत. एकदा चाटले की तार पुन्हा पाहावीशी वाटे. तार एकदा पाहून भागते, हे त्यांना ठाऊक होते. तरी ते पुन्हा पाहत. कढई रिकामी होईपर्यंत खात्री चाललेली असे.

आता बुटाची गोष्ट.

फिरणे मनापासून करायचे असे त्यांनी एका सकाळी ठरवले आणि त्याच सकाळी बूट आणायला गेले. मी बरोबर होतो. दुकानदाराने त्यांचा पाय पाहून सांगितले की पायाला सूज दिसते, एक नंबर मोठा घ्या. रंगनाथरावांनी बूट उलटा केला. तळव्यावर आठ हा आकडा ठोकलेला होता. त्यांचा नंबर आठ होता. स्वतःच्या लग्नातही त्यांनी आठचाच बूट घातला होता. "आठ छापलेलंय. छापलेलं माप खोटं असतं का?" दुकानदाराने बूट खोक्यात भरला. माप बदलत नाही, या एका गोष्टीवर त्यांची सारी नोकरी उभी होती. पाय बदलत असेल, हे त्यांच्या मनात आले नाही.

बूट चावत होता. पण मधुमेहाने त्यांच्या पायाची संवेदना कधीच गेली होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते आनंदाने चालत होते. मला म्हणाले, "बघा, कुठं दुखतंय का? बिलकुल न्हाई." मोजा धुताना वहिनींना रक्त दिसले.

डॉक्टर संघमित्रा या माझ्या जुन्या विद्यार्थिनी, मूळच्या वाटूरच्या. वडील शिक्षक होते. मुलगी वर्गात कमी बोलत असे आणि गणितात चुकत नसे. त्यांनी पाय पाहिला, अंगठा दाबला, सुई टोचून पाहिली. रंगनाथराव छताकडे पाहत होते. सुई टोचल्याचे त्यांना कळले नाही. मग डॉक्टर बोलल्या. अंगठ्याची जखम आतवर गेली आहे. साखर उतरली तर ती भरेल. उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. "आणि एकदा काढायला सुरुवात केली की कुठं थांबेन, ते मी आज सांगू शकत नाही, काका."

रंगनाथरावांच्या धाकट्या मुलीचे, वैशालीचे, लग्न ठरले होते. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी होती. डॉक्टरांनी हिशेब केला आणि म्हणाल्या, लग्न झाले की दुसऱ्या दिवशी या, तेव्हा ठरवू.

वहिनींनी त्या खोलीत सगळे सांगून टाकले. कुलपे, कुत्रे, कडूलिंब. "चोरून खातात, डॉक्टरबाई. लहान लेकरासारखे चोरी करतात."

डॉक्टर म्हणाल्या, चोरी म्हणू नका. चोर आधी ठरवतो, मग हात घालतो. काकांचा हात आधी जातो आणि मन मागून पोचते. कितीतरी जणांचे असे असते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मग पोचलेले मन कारणे शोधते. "आणि काका, तुमची कारणं फार चांगली असतात." कुलपाने हात अधिक हट्टी होतो, असेही त्यांनी सांगितले. हात थांबवू नका, त्याला दुसरे काहीतरी धरायला द्या. हात आणि तोंड यांच्यामध्ये थोडी जागा करा. एवढी जमली तरी पुष्कळ.

मी आजवर असे समजत होतो की हा माणूस स्वतःला आवरीत नाही. आवरणे आणि आवरता येणे यांत अंतर असते, हे मला माझ्या विद्यार्थिनीने त्या खोलीत सांगितले.

चालणे बंद झाले. माझी पहाऱ्याची जागा ओट्यावर आली. रंगनाथराव पाय स्टुलावर ठेवून बसत. त्यांना हाताला धरायला दुसरे काही सुचले नाही, म्हणून त्यांनी खिशातले पितळेचे वजन काढले. समोरून पेढ्यांचा डबा गेला की हात उठे, वाटेत वजन पकडी आणि मांडीवर परत येई. दिवसभर ते वजन खिशातून बाहेर आणि बाहेरून खिशात होत असे. घासून घासून ते नवे दिसू लागले. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या व्याह्यांनी, आज घरात इतके तोलण्यासारखे काय आहे, म्हणून विचारले. रंगनाथराव म्हणाले, "मीच."

साखर उतरत होती. हळू उतरत होती. ते यंत्राला अजून बेकायदा म्हणत, पण बोट स्वतः पुढे करीत.

प्रश्न भट्टीचा होता. लग्न टेंभुर्णीला. मुलगी त्यांची, आणि भट्टीवर दुसरा कोणी बसणार, हे भावकीला पटेना. त्यांचे थोरले भाऊ दोनदा जालन्याला येऊन गेले. वहिनी म्हणाल्या, बसायचे नाही. पाक राहो की बिघडो, पाय राहिला पाहिजे. भाऊ म्हणाले, गावात लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाल्या, गावातले लोक ह्यांच्या काठ्या धरायला येणार आहेत का? या सगळ्यात रंगनाथराव एक शब्द बोलले नाहीत. माझ्या आठवणीत ही पहिलीच वेळ. ते वजन हातात फिरवीत होते.

निकाल वैशालीने दिला. ती बँकेत नोकरीला होती आणि वाद लांबवीत नसे. "बसू द्या अण्णांना. मी समोर बसते."

आदल्या दिवशी दुपारी मांडवामागे भट्टी पेटली. रंगनाथरावांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले, पाय उलट्या घमेल्यावर, खाली स्वच्छ टॉवेल. समोर पाटावर वैशाली, दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी, हात पुढे पसरलेले. एका बाजूला वहिनी, पाण्याचा तांब्या घेऊन. दुसऱ्या बाजूला मी. जालन्याहून आलेले लतीफ आचारी कढई ढवळीत होते. त्यांनी अण्णांबरोबर कितीतरी भट्ट्या केल्या होत्या. बातमी गावभर झाली होती. भाजी चिरणाऱ्या बायांनी विळ्या थांबवल्या. भावकी मांडवाच्या खांबांना टेकून उभी राहिली. सगळे जण पाकाकडे नव्हे, एका बोटाकडे पाहत होते.

लतीफ आचाऱ्यांनी पळी पुढे केली. "अण्णा, देख लो."

त्यांनी थेंब घेतला. बोटे फाकवली. तार तुटली. बोट पळीच्या काठाला पुसले. लोकांनी श्वास सोडला. थोड्या वेळाने पुन्हा पळी आली. पुन्हा थेंब. बोटे फाकली आणि मध्ये उन्हात एक तार चमकली, ताणली गेली, टिकली.

"झाला. उतरवा."

कढई उतरली. आणि बोट निघाले. त्यांनी ते उचलले असे मी म्हणणार नाही; ते निघाले. छातीपर्यंत आले, दाढीपर्यंत आले, मिशीपाशी थांबले. डावा हात खिशात गेला होता, पण उजव्या हाताला पाक लागलेला, त्यात वजन कसे धरणार? वहिनी तांब्या घेऊन पुढे झाल्या. रंगनाथरावांनी नकाराची मान हलवली. अन्न पाण्यात टाकायचे नाही. चाटायचे नाही आणि धुवायचे नाही. बोट हवेत तसेच. मी अनेक परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलो आहे, पण इतकी शांतता मी ऐकलेली नाही.

तेव्हा वैशालीने आ केला. मेंदीचे हात तसेच पसरलेले, मान पुढे, लहानपणी घासासाठी करीत असेल तसा. रंगनाथरावांनी तिच्याकडे पाहिले. मग बोट तिच्या तोंडात दिले.

तिने चव घेतली. विचार केला. म्हणाली, "अण्णा, साखर कमी आहे."

"काय?"

"कमी आहे साखर."

रंगनाथरावांचा चेहरा लाल झाला. "साखर बराबर आहे. तार बघितली मी. तुझ्या जिभेला काय झालंय?"

"थोडी कमीच आहे."

पुढे बराच काळ भांडण चालले. त्यांनी लतीफ आचाऱ्यांना साक्षीला घेतले. थोरल्या भावाला चव घ्यायला लावली. भाऊ भीतीने दोन्ही बाजूंनी बोलले. स्वतः चाखून सिद्ध करता येत नव्हते, ही त्यांची खरी अडचण होती. शेवटी निःपक्ष माणूस म्हणून मला पुढे केले. मी चमच्याने चव घेतली. मला गोड आवडत नाही, पण बरोबर काय ते कळते. मी म्हणालो, "बरोबर आहे." ते खुर्चीत मागे टेकले. वहिनींनी त्या अवधीत त्यांचे बोट ओल्या फडक्याने पुसून टाकले होते. त्यांना कळलेही नव्हते.

नंतर वैशाली हळूच मला म्हणाली, "पाक बरोबरच होता, गुरुजी. पण अण्णा भांडायला लागले की त्यांना खायची आठवण राहत नाही."

लग्न झाले. पंगतीत त्यांनी भाजी-भाकरी घेतली. मुलगी सासरी निघाली तेव्हा ते काठी टेकून उभे होते. रडले नाहीत, गाडीच्या चाकातली हवा हाताने दाबून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दवाखान्यात गेलो.

रंगनाथराव गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, साध्या तापाने. माझे वय आता असे आहे की ओळखीची माणसे गेल्याचे मी फार मनावर घेत नाही. ओट्यावर मी अजून बसतो. भिंतीपलीकडून वाद ऐकू येत नाही. पण त्यांची आठवण निघाली की मला ते भट्टीवर दिसत नाहीत, त्या दवाखान्यातच दिसतात. म्हणून तेवढे सांगून थांबतो.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. डॉक्टरांनी अंगठा उजेडाकडे वळवून पाहिला. मग म्हणाल्या, कडा भरून येत आहेत. रंग सुधारला आहे. "अंगठा राहील, काका."

वहिनी खुर्चीत बसल्या. आणि बसल्याबरोबर तक्रार करू लागल्या. कारण त्यांना दुसरे काही सुचत नसावे. म्हणाल्या, तरी ह्यांची खोड गेलेली नाही. आज सकाळी लग्नातली सफारी धुवायला काढली तर खिशाला मुंग्या. आत पाहते तर बुंदीचा लाडू, त्या पितळेच्या वजनाशेजारी.

डॉक्टरांनी विचारले, "खाल्लेला?"

वहिनी थांबल्या. "न्हाई. अख्खा होता."

"कधी घेतला, काका?"

"हातानं घेतला," रंगनाथराव पायाकडे पाहत म्हणाले. "मला मंग कळलं. तवर खिशात गेल्ता."

"मग?"

"मंग तिथंच ठेवला."

डॉक्टर हसल्या. शाळेत असताना ही मुलगी हसल्याचे मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "काकू, ही तक्रार नाही. मी याचीच वाट बघत होते." मग कोपऱ्याकडे बोट करून त्यांनी सांगितले, वजन करून घ्या आणि निघा.

काटा खोलीच्या मधोमध होता. जवळ भिंत नाही, दार नाही, धरण्यासारखे काही नाही. रंगनाथराव काठी टेकत तेथवर गेले आणि थांबले. त्यांना वाकता येत नव्हते. म्हणाले, "मास्तर, जरा बघा. शिक्का आहे का?"

मी गुडघ्यांवर बसलो. त्या वयातही ते सोपे नव्हते. काट्याच्या चारी बाजू पाहिल्या, कड उचलून बूडही पाहिले. धूळ होती. दुसरे काही नव्हते.

"नाही," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी खोटे बोलायला हवे होते, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. ते मला जमले नसते.

रंगनाथराव काट्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी काठी वहिनींकडे दिली. खिशातले पितळेचे वजन काढून माझ्या हातात ठेवले. ते अजून थोडे चिकट होते. चष्मा काढला, तोही दिला. दुखरा पाय आधी ठेवला, मग दुसरा.

आणि दोन्ही हात डोक्याच्या वर, सरळ, सगळ्यांना दिसतील असे उंच केले.

"वाचा," ते म्हणाले.